काका म्हणालात, ठीक आहे, पण ओंडक्यांचा ट्रक मी सोडणार नाही

'फायनल डेस्टिनेशन' या भयपटांच्या मालिकेतल्या (अपघातातून वाचलेल्यांना मृत्यू एकेक करून गाठतो, तीच) सहाव्या भागावर, 'ब्लडलाइन्स'वर, मागच्या आठवड्यात लिहिलं होतं की पिक्चर चांगलाय, पैसे वसूल, पण दुसऱ्या भागाच्या पासंगालाही पुरत नाही, रक्त वाढलंय आणि भीती कमी झालीये. त्याच्याखाली एका वाचकाने भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीये. सगळ्यांना खाली जाऊन शोधायला नको म्हणून थोडक्यात सांगतो. वाचकाचं म्हणणं: सहावा भाग सगळ्यात भारी, कारण पहिल्यांदाच मरणारे लोक एका घरातले आहेत आणि म्हणून त्यांच्या मरण्याचं काहीतरी वाटतं. एमआरआयच्या सीनला आख्खं थिएटर ओरडत होतं. चौथ्या भागाचा दिग्दर्शक मी चुकीचा लिहिलाय. आणि मग शेवटचं वाक्य, ते जसंच्या तसं देतो: "काका, नॉस्टॅल्जियाचा चष्मा काढा आणि तो ओंडक्यांचा ट्रक सोडा आता, २००३ संपून जमाना झाला."

(ओंडक्यांचा ट्रक म्हणजे २००३ च्या दुसऱ्या भागाची सुरुवात, हायवेवर ट्रकमधून ओंडके सुटतात आणि मागच्या गाड्यांवर येतात.) पुढे स्पॉयलर आहेत, ज्यांनी पाहिला नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा.

आधी चूक मान्य करतो. चौथा भाग, २००९ चा थ्रीडीवाला, डेव्हिड एलिसचा आहे, जेम्स वाँगचा नाही. वाँगचे पहिला आणि तिसरा, एलिसचे दुसरा आणि चौथा. मी घाईत वाँग लिहून गेलो. दुरुस्त केलंय, धन्यवाद, तुमचं बारीक लक्ष आहे. (चौथ्या भागाबद्दल मी लिहिलं होतं एकच ओळ आणि ती पण "तो विसरून जा" अशी, पण असो, चूक ती चूक.)

आता 'काका'.

नाशकात काका कोणाला म्हणतात हे मला चांगलं माहीतय हो. पेट्रोल पंपावर मधेच गाडी घालणाऱ्याला म्हणतात, बसमध्ये सरकून बसत नाही त्याला म्हणतात. मी ४१ वर्षांचा आहे. भाऊ म्हणाला असतात तर हे उत्तर दोन ओळीत संपलं असतं, दादा चाललं असतं, सर म्हणाला असतात तर जरा ओशाळलो असतो पण चाललं असतं. तुम्ही काका लिहिलंत ते मान द्यायला नाही, "तुमचं झालं आता, बसा बाजूला" हे सांगायला लिहिलंत, आणि त्याच्यापुढे लगेच चष्मा. चष्मा मला आहे, जवळचा आहे, दोन वर्षांपूर्वी लागलाय, त्याचा आणि पिक्चरचा काही संबंध नाही.

आणि नॉस्टॅल्जिया कसला? सांगतोच. डिप्लोमा दुसरं वर्ष, दोन विषयांत एटीकेटी, सिडकोत एका खोलीत चार पोरं, सीडी लायब्ररीतून आणलेली दुसऱ्या भागाची हिंदी डबिंगची व्हीसीडी. पिक्चर दोन सीडीत असायचा, पहिली सीडी मधेच कुठेतरी संपायची, आणि दुसरी लावली की ती पाचव्या मिनिटाला अडकायची, मग बनियनला पुसून परत लावायची. त्यात लाइट गेली. लिफ्टच्या दारात त्या बाईचं डोकं अडकलंय आणि लाइट गेली, आणि आम्ही चौघं अंधारात, कोणी उठून मेणबत्ती शोधायला तयार नाही. याच्यात गोड आठवण काय आहे मला सांगा. डासच जास्त आठवतात. नॉस्टॅल्जिया हा शब्द अशा पद्धतीने वापरला की समोरच्याचं काहीही खोडता येतं, मुद्दा बघायलाच नको, जुनं आवडलं ना मग झालं, म्हातारा आहे.

शिवाय मी आठवणीवर लिहिलेलंच नव्हतं. ब्लडलाइन्सच्या आधीच्या आठवड्यात पाचही भाग परत बघितले, रोज एक, बायको शेजारी बसून भाजी निवडत होती. दुसऱ्या भागातला लॉटरी लागलेल्या पोराचा सीन घ्या. घरी येतो, गॅसवर तळायला ठेवतो, फ्रिजवरचं मॅग्नेट निसटून चायनीजच्या डब्यात पडतं आणि तो डबा मायक्रोवेव्हमध्ये जातो, अंगठी सिंकच्या भोकात पडते, काढायला हात घालतो तर हात अडकतो, इकडे कढईने पेट घेतलाय. बरं एवढ्यातून तो सुटतो, खिडकीतून बाहेर, लोखंडी शिडीने खाली, मागे घर उडतं, वाचला. आणि मग मघाशी स्वतःच खिडकीतून फेकलेल्या नूडल्सवरून पाय घसरतो, उताणा पडतो, वरून शिडी सुटते आणि डोळ्याच्या वर येऊन थांबते. थांबते! आपण श्वास सोडतो. मग खाली येते.

शिडी थांबली तेव्हा बायकोच्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली. मोडायची राहिली. पुढे डोळ्याचं काय झालं ते बघून ती फक्त "ईई" म्हणाली आणि परत निवडायला लागली. माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे, त्या शेंगेएवढं. ओरडणं वेगळं आणि भिणं वेगळं. थिएटर ओरडत होतं म्हणता, ओरडतंच, दिवाळीत मागून लवंगी लावली तरी माणूस ओरडतो.

हे मी घरी बसून हवेत बोलत नाहीये. २० वर्षं नाशकातल्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीत शॉप फ्लोअरवर काढलीत, आधी मेंटेनन्स, आता सेफ्टी. तुम्ही काय करता माहीत नाही, विचारत पण नाही, पण मी हे पिक्चर ज्या नजरेने बघतो ती कुठून आली ते सांगतो. एका कंपनीत, नाव राहू दे, सेकंड शिफ्ट. पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात डायच्या, साच्याच्या, बाहेरच राहतात, त्यासाठीच तर दोन असतात. तर एका बटणाला चिकटपट्टी. कायमची दाबलेली. का, तर टार्गेट, एका हाताने माल लावायचा एका हाताने बटण, जॉब भराभर निघतात, आणि हे सगळ्यांना माहीत होतं, सुपरवायझरलाही आणि खरं सांगायचं तर मलाही. त्या दिवशी तिकडचा पंखा बंद पडलेला, म्हणून हाताला घाम, म्हणून हातमोजा सैल. तेवढ्यात कॅन्टीनवाला चहा घेऊन आला, ऑपरेटरने मान वळवली, मान वळवताना कोपर दुसऱ्या बटणाला लागलं. धप्प. हात निघाला, मोजा आत राहिला.

मोजा बाहेर काढला तेव्हा पापडासारखा झालेला. पाच बोटं, चपटी, आणि मधे डायवरच्या नंबरचा ठसा. आम्ही सात-आठ जण गोल करून तो मोजा बघत होतो, रक्ताचा एक थेंब नाही कुठे, आणि तो ऑपरेटर स्वतःच्या हाताची बोटं दुसऱ्या हाताने एकेक करून मोजत होता. चहा कोणीच प्यायला नाही. रजिस्टरला काय लिहिलं गेलं माहितीये? 'हातमोजा खराब झाला, नवीन दिला.'

मला त्यानंतर दोन रात्री झोप नव्हती. आता तुम्ही मला सांगणार की ब्लडलाइन्समध्ये कचऱ्याच्या गाडीत मुलगी दाबली जाते ते बघून मी घाबरायला पाहिजे. बघितलं, काम झकास केलंय, मेकअप उत्तम, पण ती गेली त्या क्षणी माझी भीती संपली ना राव. संपूनच जाते.

आणि गंमत म्हणजे हे त्या नव्या पिक्चरवाल्यांनाही कळलंय, तुम्हालाच कळलेलं दिसत नाहीये. ब्लडलाइन्समधला सगळ्यात भारी सीन कोणता? माझ्या मते टॅटूच्या दुकानातला. छताच्या पंख्याला साखळी अडकते, ती तिथल्या पोराच्या नाकातल्या रिंगला ओढते, खाली सांडलेल्याने पेट घेतलाय, आणि शेवटी तो पोरगा वाचतो! कोणी मरत नाही! आख्ख्या पिक्चरमध्ये मी सीटच्या कडेला आलो तो या सीनला. तसंच त्या घरच्या पार्टीत बर्फात पडलेला काचेचा तुकडा, आता कोणाच्या ग्लासात गेला, कोण पिणार, तिथे मजा होती. म्हणजे त्यांना येतं. येतं आणि तरी मग ते धडाधड उरकून टाकतात याचाच राग आहे मला, आणि तेच मी पोस्टमध्ये लिहिलेलं, जरा नीट वाचलं असतंत तर.

एमआरआयबद्दल जास्त बोलत नाही. माझ्या कंबरेचा झालाय दोनदा. आत जायच्या आधी तो टेक्निशियन तीन-तीनदा विचारतो, पट्टा काढला का, किल्ल्या, नाणी, कारण ते चुंबक कायम चालूच असतं, मशीन बंद दिसली तरी. पिक्चरमध्ये बटण दाबल्यावर जोर वाढत वाढत जातो, तसं काही नसतं, १.५ टेस्लाचं मशीन १.५ चंच राहतं. तुम्ही म्हणाल पिक्चर आहे, सोडून द्या. सोडतो. पण जी गोष्ट खरी आहे ती जास्त भीतीदायक होती, की सगळं बंद आहे, शांत आहे, आणि तरी ते ओढणारच आहे. ती भीती हातात आलेली घालवली आणि त्याच्याऐवजी व्हीलचेअरसकट पोरगा दुमडला.

घरच्यांचा मुद्दा म्हणाल तर, ठीकय, आवड आपापली. आजीने १९६८ ला टॉवरवरच्या हॉटेलातून लोकांना वाचवलं, म्हणून तिचा आख्खा वंशच यादीत, कल्पना चांगली आहे, मी नाही कुठे म्हटलं. पण इमोशनल बघायचं असेल तर आमच्याकडे संध्याकाळी सात ते दहा सिरियल चालूच असतात. पुढे.

एका ठिकाणी मात्र माझाही गळा भरून आला आणि ते घरातलं कोणी नव्हतं, टोनी टॉड. पहिल्या भागापासून त्या प्रेतं सांभाळणाऱ्या माणसाचं काम करणारा नट. आवाज ऐकूनच पोटात गोळा यायचा, आणि इथे एवढा वाळलेला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, पिक्चर आला २०२५ च्या मेमध्ये. तो निरोपाचं बोलून निघतो, तेव्हा माझ्या शेजारचा पॉपकॉर्न खाणारा पण थांबला होता. याला नॉस्टॅल्जिया म्हणायचं असेल तर म्हणा, इथे चालेल.

आता ट्रक. "सोडा आता." कोणाला सांगताय? तुम्ही शेवट बघितला का, की गाडी पार्किंगमधून काढायला लवकर उठलात? ब्लडलाइन्सचा शेवट काय आहे? ट्रेन रुळावरून घसरते, त्यातून ते दोघं भाऊबहीण वाचतात, आणि मग ट्रेनवरचे ओंडके येतात. ओंडके! २२ वर्षांनी, ५ भाग होऊन गेल्यावर, १४ वर्षांची गॅप घेऊन, नव्या दमाचे दोन दिग्दर्शक आणले, आणि शेवटचा हुकमी पत्ता म्हणून त्यांनी काय काढलं तर ओंडके. मला काय सांगतोस ट्रक सोडा, आधी त्यांना सांग की! (काका म्हटलंस ना, मग आता अरेतुरे ऐकून घे.)

आणि हो, तुझ्यासारखे अजून एक-दोन जण म्हणतील की जुन्यातलं सगळं खरं आणि नव्यातलं खोटं असं काकांना वाटतं, तर तसंही नाहीये. दुसऱ्या भागातले ते ओंडके कॉम्प्युटरवरचे आहेत. खरे टाकून बघितले होते, ते रस्त्यावर पडल्यावर पाहिजे तसे उसळेनातच, म्हणून मग ग्राफिक्स. आज बघितलं तर कळतं पण, थोडं खेळण्यातल्यासारखं वाटतं. तरी काय फरक पडला? तो सीन बघून जगभरच्या लोकांनी लाकडाच्या गाडीमागे जायचं सोडलं. आपल्याकडे लाकडं नाहीत, सळया आहेत. नाशकात द्वारका सर्कलवरून पाथर्डी फाट्याकडे निघालं की एखादी तरी असतेच, मागे आठ-दहा फूट सळया बाहेर, टोकाला लाल फडकं, ते पण कधी असतं कधी नसतं, आणि स्पीडब्रेकर आला की सगळ्या सळया एकदम वरखाली हलतात, आवाज करत. तिथे माझा पाय ब्रेकवर आपोआप जातो, मागचे हॉर्न मारतात, मारू देत. निफाडकडे उसाच्या ट्रॉल्या लागल्या तरी तेच.

एमआरआय सेंटरसमोरून जाताना माझं असं काही होत नाही. कचऱ्याच्या गाडीमागे पण नाही, घंटागाडी रोज येते, बायको डबा देऊन येते. तुझं होत असेल तर सांग, तेवढ्यापुरतं सहाव्या भागाला अर्धा स्टार वाढवून देतो.

परत कमेंट करायची तर जरूर कर, डिलीट करणार नाही, आजपर्यंत कोणाची केली नाही. फक्त पूर्ण पोस्ट वाचून कर.

ता. क. चौथ्या भागाच्या दिग्दर्शकाचं नाव बदललं. त्या नादात बाकीच्या पाचांची पण तपासून घेतली, ती सगळी बरोबर होती.