‘ब्रीच’च्या छापचित्राला मिळालेल्या दोन ताऱ्यांना उत्तर

नमस्कार,

आमच्याकडून घेतलेल्या ‘ब्रीच’च्या छापचित्राला आपण दोन तारे दिलेत. जुन्या मुंबईचं चित्र म्हणून घेतलं आणि घरी पाहिलं तर त्यात कोस्टल रोडचे खांब, रंग फिके, वर एका इंग्रजाची नक्कल आणि तीही धड नाही, असं आपण लिहिलंत. इतर ग्राहकही हे वाचतील म्हणून इथेच उत्तर देतो.

आपण ज्याला इंग्रज म्हणालात तो मूळ चित्रकार, जेम्स वेल्स, स्कॉटिश होता. १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला, पुढे पुण्यात त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढली, १७९५ मध्ये इकडेच वारला. मुंबई बेटाची त्याची बारा दृश्यं १८०० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्यातलं एक ब्रीच कॉजवेचं.

आपल्याला ती जुनी मुंबई वाटते, पण वेल्सच्या डोळ्यांसमोर होती ती अगदी नवी. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडीतून, म्हणजे ‘ब्रीच’मधून, भरतीचं पाणी आत घुसायचं आणि बेटाचा सखल भाग बुडायचा. ती खिंड बंद करणारा बांध, म्हणजेच ब्रीच कॉजवे किंवा हॉर्नबी वेलार्ड, होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. शहरानं समुद्राला नुकतंच मागे रेटलं होतं, आणि वेल्स नेमकं तेच काढायला बसला. आमच्या चित्रकार त्याच किनाऱ्यावर गेल्या तेव्हा त्यांना दिसला तो लाला लजपतराय मार्ग झालेला बांध, आणि त्याच्याही बाहेर, समुद्रात, कोस्टल रोडचा भराव. म्हणजे सव्वादोनशे वर्षांनंतरही मुंबईचं तिथे तेच काम चालू आहे! खांब गाळले असते तर चित्र देखणं झालं असतं, पण वेल्सशी त्याचं नातं उरलं नसतं. म्हणूनच आमच्या पानावर आणि पावतीवरही ‘वेल्सच्या दृश्यावरून नवं चित्र’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता रंगांविषयी. वेल्सची दृश्यं म्हणजे एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडनं रेघा कोरून काढलेला छाप, आणि त्यावर हातानं दिलेले रंग. आम्हीही तसंच करतो. प्लेटमध्ये शाई भरायची, जाळीच्या कापडानं गोल गोल पुसायची, शेवटी तळहातानं पुसायची, मग ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायची. कागद पुरता वाळला की जलरंगाचा पातळ हात. रंग दाट दिला तर खालची रेघ मरते. चित्र खिडकीजवळ नेऊन भरतीच्या पाण्यावरच्या आडव्या रेघा एकदा पाहा. बांधाकडे येताना त्या जवळजवळ होत जातात. तेवढ्यासाठी आमच्या चित्रकारांनी प्लेट पुन्हा ॲसिडमध्ये घातली होती.

नक्कल हा शब्द मात्र मला लागला. पुण्याचे गंगाराम तांबट वेल्सबरोबर काम करत, आणि वेरूळची लेणी त्यांनी स्वतःच्या नजरेनं रेखाटली. रीत दुसऱ्याकडून घेऊन चित्र आपलं करणं आपल्याकडे तेव्हापासून चालत आलंय, आणि आम्हाला त्याच वाटेनं जायचंय.

तरीही आपल्याला वेल्सचंच चित्र भिंतीवर हवं असेल, तर त्यात काहीच गैर नाही. आपलं छापचित्र परत घेऊन पूर्ण पैसे देऊ. फक्त ते गुंडाळू नका, दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आणा. सोमवार सोडून कधीही या.