द्राक्षाच्या गावी ढगांची वाट

सातपूरच्या कारखान्यात मी तीस वर्षं क्वालिटीत काढली. बायकोच्या मते मी पोळी खात नाही, पास करतो. त्यामुळे धाकटीच्या कोचनं सहज बोलता बोलता "काका, गोळ्या खाली लागतायत, रायफलची स्प्रिंग उतरली असेल, एकदा वेग मोजून बघा," असं म्हटलं, तेव्हा आपण हे कुणाला सांगतोय याची त्याला कल्पना नव्हती.

२०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं कांस्य घेतलं आणि त्याच आठवड्यात आमच्या घरात नेमबाजी शिरली. रायफल सेकंडहँड, स्प्रिंगची. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. कागदावर वेग लिहिलेला सेकंदाला १७० मीटर. आता कागदावर काय, आमच्या कंपनीच्या कागदावर कँटीनची आमटीसुद्धा घट्ट होती.

वेग मोजायच्या यंत्राला क्रोनोग्राफ म्हणतात एवढं समजल्यावर मी मेन रोडवरच्या एका घड्याळाच्या दुकानात गेलो. क्रोनोग्राफ मागितला तर मालकानं मोठ्या अदबीनं मनगटी घड्याळ पुढे केलं. मोठ्या डायलमध्ये तीन पिटुकले डायल.

"यानं वेग मोजता येतो?"

"येतो की साहेब. ही कडेची पट्टी बघा, टॅकीमीटर. किलोमीटरच्या दगडाला बटण दाबायचं, पुढच्या दगडाला परत दाबायचं. काटा जिथं असेल तो ताशी वेग."

मी उभ्या उभ्या हिशोब केला. किलोमीटरला साधारण सहा सेकंद, म्हणजे बटण दाबायला पुष्कळ वेळ. अडचण एवढीच, की आमचा छर्रा दहा मीटरवर कागदात घुसून रिटायर होतो.

मग म्हटलं, बिनखर्चाचं काही आहे का. तर आहे. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजानं १७४२ सालीच युक्ती छापून ठेवली आहे. जड ठोकळा टांगायचा, त्यात गोळी मारायची, ठोकळा किती झुलला ते मोजायचं आणि उलटा हिशोब करून वेग काढायचा. माझ्या गणितानं मीटरभर दोरीला पाव किलोचा गोळा टांगला तर तो अकरा-बारा सेंटिमीटर झुलायला हवा होता. पाव किलोचा मऊ गोळा घरात एकच होता, परातीत.

"अहो, तो छर्रा कशाचा असतो?" बायकोनं विचारलं.

"शिशाचा."

"मग त्या कणकेच्या पोळ्या तुम्ही खाणार का?"

विषय संपला. यंत्र विकतच घ्यायचं ठरलं.

यंत्रांत तीन जाती निघाल्या. एक रडारवालं. बाजूला ठेवायचं, गोळी आपली जाते, ते आपलं मोजतं. किंमत ऐकून मी "बरं, कळवतो" म्हटलं आणि अजून कळवतोच आहे. दुसरं नळीच्या तोंडावर बसवायचं, ते आमच्या पुढच्या साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुंटीला, अडलं. राहिलं तिसरं. खाली लांबट खोका, त्याला दोन डोळे, डोळ्यांवर पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन छत्र्या. छर्रा वरून जाताना पहिल्या डोळ्याला त्याची सावली दिसली की घड्याळ चालू, दुसऱ्याला दिसली की बंद. डोळ्यांमधलं अंतर ३०० मिलिमीटर. म्हणजे सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातल्या पावणेदोन तुकड्यांचा सगळा खेळ. मी खोका उघडल्या उघडल्या व्हर्नियर लावला. मधली बिजागरी पुरती ताणली नाही तर एक मिलिमीटर कमी भरतं, आणि तेवढ्यानं वेगात सेकंदाला अर्ध्या मीटरची खोट येते. तिथं मी कार्डाची पाचर मारली. त्या संध्याकाळी मी फार सुखात होतो.

दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये यंत्र मांडलं, ट्यूब लावली आणि रायफल आणायला वळलो, तर यंत्रानं आकडा दाखवला. मग दुसरा. मग तिसरा. रायफल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि यंत्र घरातून गोळ्या जाताना मोजतंय! रात्री बऱ्याच उशिरा डोक्यात प्रकाश पडला. आपली वीज ५० सायकलची, तिच्यावर ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतं. प्रत्येक लुकलुक म्हणजे एक छर्रा.

मग उघड्यावर. पण कडक उन्हात ते आंधळं होतं. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, ढगाळ दिवस उत्तम.

मेहुण्याचा द्राक्षमळा नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात. बांधाला मातीची उंच ताल, पलीकडे माणूस नाही की जनावर नाही, गोळी झेलायला याहून चांगली जागा नाही. मी डिसेंबरात त्याला फोन केला. "काय रे, तुमच्याकडे ढग कधी येतील?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मणी फुगायला लागलेत, अशा दिवसांत ढग म्हणजे द्राक्षावर रोग, ढग म्हणजे भुरी, ढग म्हणजे डाऊनी, ढग म्हणजे फवारणीवर फवारणी.

"दाजी," तो शेवटी म्हणाला, "दुसऱ्या कुणाला विचारू नका हं असं."

ढग आले. आम्ही पोचलो तेव्हा मेहुणा ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडत होता. माझा चेहरा खुललेला, त्याचा उतरलेला. मी होता होईल तो चेहरा पाडून यंत्र मांडलं.

पहिलाच आकडा ३४१. धाकटी हसली. "बाबा, हा आवाजाचा वेग आहे. नळी फार जवळ धरलीत." म्हणजे यंत्रानं छर्रा सोडून फटाक्याला पकडलं होतं. मीटरभर मागे सरकलो. मग मात्र लागली रांग: १६८, १७०, १६९, १६९, १७१... मी डायरीत लिहीत होतो, डोळे पाणावायचे बाकी होते.

नऊ झाल्यावर धाकटी म्हणाली, "बाबा, स्प्रिंग ठणठणीत आहे. आणि गोळ्या खाली का लागत होत्या तेही कळलं. मागच्या साइटचा स्क्रू ढिला होता, मी आवळला."

"छान," मी म्हटलं, "पण नमुने दहा पाहिजेत. दहावा मी मारतो."

साइटमधून बघितलं. दोन्ही छत्र्यांच्या मधून समोरची ताल स्वच्छ दिसत होती. एक गोष्ट मात्र ध्यानात आली नाही. साइट असते नळीच्या दोन बोटं वर. डोळ्याला वाट मोकळी दिसते, तेव्हा नळीला ती मोकळी असतेच असं नाही.

खाट्! आवाज तालीतून आला नाही. दोन्ही छत्र्या आडव्या झाल्या आणि यंत्राची आकड्यांची काच काळी पडली.

मेहुण्यानं ब्लोअर बंद केला. "किती आला, दाजी?"

धाकटीनं डायरी माझ्या हातातून घेतली आणि माझ्याच तांबड्या पेनानं दहाव्या ओळीत लिहिलं, 'रिजेक्ट.' खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा सोडली होती. सही मी केली.