याओवारातचं नवरात्र

आमच्याकडे घट थोरल्या भावाकडे बसतात, पण उपवास घडतो तो माझ्या जिभेला. नऊ दिवस मासळी नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. दारावरून जाणारी कोळीण माझ्याकडे बघते आणि सांत्वनाला आल्यासारखी मान हलवून पुढे जाते.

म्हणून बँकॉकची स्वस्त तिकिटं दिसली तेव्हा मी आधी कालनिर्णय उघडलं. बरोब्बर तिसरी ते सातवी माळ! देवीची हद्द थायलंडपर्यंत पोचत नसावी, असा माझा हिशेब. हिला म्हटलं, "रजाच तेव्हा मिळाली गं." गोची एवढीच झाली की सासूबाईही निघाल्या. त्यांचा उठता-बसता उपवास. मधले दिवस जेवतात, पण कांदा-लसूण वर्ज्य.

माझा सगळा डोळा याओवारातवर, म्हणजे तिथल्या चायनाटाउनवर. 1782 साली थायलंडचा राजा पहिला राम याला राजवाडा बांधायला जागा हवी होती, तेव्हा तिथल्या चिनी व्यापाऱ्यांना उठवून साम्पेंगला बसवलं. तेव्हापासूनची ही वस्ती. याओवारात नावाचा रस्ता नंतरचा, जेमतेम दीड किलोमीटर. याओवारात म्हणजे युवराज, हे कळल्यावर सासूबाईंना तो एकदम माहेरचा वाटायला लागला. मी मात्र महिनाभर झोपण्यापूर्वी 'हॉय थोत'चे व्हिडिओ बघत होतो. भलामोठा काळा तवा, त्यावर पातळ पिठाचा फर्राटा, वर मूठभर कालवं, त्यावर फोडलेलं अंडं, आणि कडा कुरकुरीत होईपर्यंत उलथन्याची खणखण. आवाज बंद करून बघायचो. घरात संशय नको.

संध्याकाळी मेट्रोने 'वाट मंकोन' स्टेशनला उतरलो. सरकत्या जिन्याने वर आलो आणि बघतो तर गाडीगाडीवर पिवळे झेंडे. झेंड्यावर लाल रंगात एकच अक्षर. कुठल्या पक्षाची सभा असेल, असं वाटलं. हिने फोन काढला, वाचलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

"अहो, इथेही नवरात्र आहे!"

खरंच होतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, नऊ देव-सम्राटांचा उत्सव. लोक पांढरे कपडे घालतात आणि 'जे' खातात. जे म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही. आणि कांदा-लसूणही नाही. तीन-साडेतीन हजार किलोमीटर उडून मी पुन्हा आमच्याच स्वयंपाकघरात उतरलो होतो.

तशा मधूनमधून बिनझेंड्याच्याही गाड्या होत्या. कोळंबी भाजत होती, माकुल मुडपून काडीला लावले होते. पण दोन बायकांच्या मधोमध चालणाऱ्या माणसाला मान फार वळवता येत नाही.

एका झेंड्याखाली अख्खं बदक टांगलेलं दिसलं. सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "पवित्र म्हणतात आणि पक्षी लटकवतात!" ते गव्हाच्या चिकाचं आहे हे त्यांना पटवायला पाच मिनिटं लागली. पटलं, तरी खाल्लं नाही. "त्याला चोच कशाला काढायची मग?" याला उत्तर नव्हतं.

हिने तोवर थाई पाठ केलं होतं. फिश सॉस घालू नका म्हणजे 'माई साई नाम प्ला'. प्रत्येक गाडीपुढे हात जोडून ती ते म्हणायची. सासूबाईंना वाटलं नामस्मरण आहे. त्यांनीही मागे सूर धरला, "माई, साई, नाम..." विक्रेती हसून झेंड्याकडे बोट दाखवायची.

मग त्यांना आल्याच्या गरम पाकात सोडलेले तांदळाच्या पिठीचे गोळे सापडले. मऊ, चिकट, चावला की आतून काळ्या तिळाचं सारण वाहतं. "अय्या, हे तर तिळाचे मोदकच, नुसत्या कळ्या पाडायच्या राहिल्यात," म्हणत त्यांनी दोन वाट्या संपवल्या आणि तिसरी मागवली.

हीच वेळ होती. "पाण्याची बाटली आणतो," म्हणून मी सटकलो. पन्नास पावलांवर तोच काळा तवा, तीच खणखण. समोर पंधरा माणसं, त्यामुळे दिसत काही नव्हतं, नुसता धूर आणि चर्रर्र. नंबर आल्यावर खात्री करून घेतली. "ऑयस्टर?"

"ऑयस्टर, ऑयस्टर!" तो मान डोलावत म्हणाला.

पैसे दिले, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पहिला घास घेतला. कुरकुरीत. दुसऱ्या घासाला कालव दाताखाली आलं आणि कच्चकन धागे सुटले. कालवाला धागे नसतात. धागे असतात ते धिंगरी अळंबीला, जिला बाजारात ऑयस्टर मशरूम म्हणतात. मान वर केली. धुरात पिवळा झेंडा फडफडत होता.

"जावईबापू!" मागून सासूबाई. माझ्या ताटलीकडे बघितलं, झेंड्याकडे बघितलं, डोळे भरून आले त्यांचे. "एकटेच येऊन रांगेत उभे राहिलात? अहो, आम्हीही आलो असतो की. घ्या, आणखी दोन सांगा."

पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलो. आता पुढे वीस माणसं होती.