साक्रीच्या भाऊंना उत्तर: तुमची बॅटरी लांब मारते हे खरं, पण दहा हजार ल्युमेनमुळे नाही

भाऊ, कमेंट काल रात्रीच वाचली होती पण लाईन नव्हती आणि मोबाईलवर एवढं टायपायचा कंटाळा, म्हणून आज सकाळी चहा घेऊन निवांत बसलोय. ज्यांनी कमेंट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मागे घर आणि गाडीसाठी स्वस्तातल्या बॅटऱ्यांवर लिहिलं होतं (टॉर्च म्हणा हवं तर, आपल्याकडे बॅटरीच म्हणतात, विजेरी हा शब्द मी शाळेच्या पुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडी ऐकला नाही), त्यात दोन पेन्सिल सेलवाली, शंभर ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) साधी बॅटरी घ्या असं म्हटलं होतं. त्यावर साक्रीच्या या भाऊंचं म्हणणं असं की शंभर ल्युमेनमध्ये काय दिसतं, माझी तीनशे रुपयांची झूमवाली दहा हजार ल्युमेनची आहे, बांधावरून मारली की पलीकडच्या मळ्यातलं लिंबाचं झाड दिसतं, सेल आता कोण विकत घेतं, आणि तुम्ही शहरात बसून कंपनीचे पैसे खाऊन लिहिता. शेवटी अहिराणीत टोला, "हाई बॅटरी काय कामनी शे?"

कामनी शे भाऊ, सांगस.

पैशाचं आधी उरकतो. कुठल्या कंपनीने मला आजवर चहासुद्धा पाजलेला नाही, त्या लेखातल्या तिन्ही बॅटऱ्या माझ्या खिशातून घेतल्यात आणि त्यातली एक तर बायकोने माळ्यावर टाकून दिलीय, विषय संपला.

आता तुमचं लिंबाचं झाड. ते दिसतं यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे. माझी शंभर ल्युमेनवाली तिथपर्यंत पोचणार नाही हेही कबूल. पण त्याचं कारण खोक्यावरचा दहा हजाराचा आकडा नाही, त्याचं कारण तुमच्या बॅटरीच्या तोंडाशी बसवलेलं भिंग आहे. बागेला पाणी देताना पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते ना, मोटर तीच, पाणी तेवढंच, फक्त एका ठिकाणी जमा होऊन फेकलं जातं. ल्युमेन म्हणजे एकूण पाणी किती, आणि धार किती जोरकस ते मोजायचं एकक वेगळं, त्याला कँडेला म्हणतात. चांगल्या खोक्यावर दोन्ही आकडे असतात. हिशोबही सोपा आहे, कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं, तेवढे मीटर. अडीच हजार कँडेला असेल तर शंभर मीटर, दहा हजार असेल तर दोनशे. म्हणजे अंतर दुप्पट पाहिजे तर धार चौपट लागते. आणि ते अंतर कसलं, तर तिथे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पडतो असं धरलेलं असतं, त्यामुळे समोर गाय उभी आहे की गोऱ्हा हे ओळखायचं असेल तर खोक्यावरचं अंतर निम्मं धरायचं.

हे मोजायचं ठरलेलं मानक आहे, अमेरिकेतल्या मानक संस्थेचं, एएनएसआय एफएल १, २००९ पासून. त्यात ल्युमेन बटण दाबल्या दाबल्या मोजत नाहीत, तीस सेकंद थांबून मोजतात, कारण चालू केल्या क्षणी सगळ्याच बॅटऱ्या वाघ असतात. आणि किती तास चालते हा आकडा उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो, हे मलाही आधी माहीत नव्हतं, मी त्या लेखात "आठ तास चालते" असं खोक्यावरचं तसंच उतरवलं होतं, ते चुकलंच. कामाचा उजेड चार-पाच तास मिळतो, नंतर नुसता जीव धरून असते. ही दुरुस्ती तुमच्यामुळे झाली, तुम्ही कमेंट केली नसती तर मी परत मोजायला बसलो नसतो.

बरं, दहा हजार ल्युमेन का शक्य नाही ते सांगतो, कागद घ्या. चांगल्यातला एलईडी एका वॅटमध्ये शंभर-दीडशे ल्युमेन देतो. म्हणजे दहा हजारासाठी सत्तर ते शंभर वॅट पाहिजेत. तुमच्या बॅटरीत तो अंगठ्याएवढा एक लिथियम सेल आहे, १८६५० म्हणतात त्याला, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब म्हणून ते नाव. उत्तम कंपनीचा, अगदी भरलेला असा सेल घेतला तरी त्यात बारा-तेरा वॅट-तास इतकीच वीज मावते. शंभर वॅटने ओढली तर सात-आठ मिनिटांत खेळ खलास, आणि त्या सात मिनिटांत बॅटरीचा तवा होईल, हातात धरताच येणार नाही. तुमची तासभर चालते आणि जेमतेम कोमट होते असं तुम्हीच लिहिलंय, मग ती दोनशे-तीनशे ल्युमेनच्या वर असायचं काही कारण दिसत नाही. वाईट नाही हां तेवढं! तीनशे रुपयांत दोनशे ल्युमेन आणि लांब धार म्हणजे सौदा चांगलाच झाला, फक्त खोक्यावर खोटं छापलंय.

सेलवर पण तसंच. तुमच्या सेलवर बहुतेक ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं असेल, बाजारातल्या निम्म्या सेलवर हाच आकडा दिसतो, का देव जाणे. या मापाच्या सेलमध्ये आजघडीला साडेतीन हजाराच्या आसपासच मावतं. माझ्याकडेही असा एक ९९०० वाला होता. जळगावात सोन्याच्या दुकानात माझा एक मित्र कामाला आहे, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्याच्या काट्यावर तो सेल ठेवला, आणि शेजारी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला एक सेल. लॅपटॉपचा भरला पंचेचाळीस ग्रॅम, ९९०० वाला एकतीस. मित्र म्हणे हा तर चौदा कॅरेटचा निघाला! खऱ्या सेलचं वजन पंचेचाळीसच्या आसपास असतं कारण आत तेवढा माल गुंडाळलेला असतो, माल कमी तर वजन कमी. कापून बघू नका फक्त, लिथियम आहे ते, पेटतं.

आता मळ्याचं बोलू, कारण तिथे तुम्ही मला खरंच पकडलंत. मी घर आणि गाडी एवढंच डोक्यात ठेवून लिहिलं, रात्रपाळीची लाईन आल्यावर मोटर चालू करायला जाणाऱ्याचा विचारच केला नाही, आणि आमचं घर अमळनेर तालुक्यात, माझं अर्धं बालपण विहिरीवर गेलेलं, त्यामुळे लाज वाटायला पाहिजे ती वाटली. पण एक गोष्ट सांगतो. आमच्या काकांकडे तुमच्यासारखीच झूमवाली आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी आणि ते रात्री अकराला चाललो होतो, त्यांनी झूम पूर्ण ओढलेलं, उजेडाचा चौकोनी ठिपका तिकडे लांब मोटरच्या पेटीवर, आणि आम्ही बांधावरून त्या ठिपक्याकडे बघत चाललेलो. मी मागून मोबाईलचा उजेड खाली पायाशी धरला होता, तर काकांच्या पुढच्या पावलापासून हातभर अंतरावर घोणस, जाड, वाळलेल्या पाल्यात पाल्यासारखीच पडलेली. ओरडलो, काका जागच्या जागी थांबले, ती सावकाश निघून गेली. काका नंतर मोटर चालू करायचं विसरूनच घरी आले.

त्या झूमचा प्रॉब्लेम हाच आहे, उजेड जिथे पडतो तिथेच पडतो, आजूबाजूला काळंकुट्ट, आणि त्या भक्क ठिपक्याने डोळे असे दिपतात की पायाजवळचं अजूनच दिसत नाही. मण्यार तर निघतेच रात्री. त्यामुळे मळ्यात चालताना झूम आत ढकलून उजेड पसरट करा, लांबचं बघायचं तेव्हा थांबून ओढा. आणि जमलं तर दुसरी घेताना निळसर पांढऱ्याऐवजी थोडा पिवळट उजेड देणारी बघा, खोक्यावर चार-पाच हजार केल्विन लिहिलेलं असतं, त्यात तपकिरी पाला आणि तपकिरी साप वेगळे ओळखू येतात. साडेसहा हजारवाला निळसर उजेड दुकानात जास्त भारी दिसतो, मळ्यात सगळं राखाडी करून टाकतो. आणि हो, झूमवाली पावसात सांभाळून, तोंड पुढेमागे करताना ती हवा आत-बाहेर ओढते, हवेबरोबर पाणीपण.

सेल आता कोण घेतं, या प्रश्नाचं उत्तर कन्नड घाटात मिळालं मला. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात मी चार्जिंगवाली लिथियमची बॅटरी ठेवली होती, मार्चमध्ये फुल चार्ज करून. मग एप्रिल-मे गाडी रोज ऑफिसबाहेर उन्हात उभी. आपल्याकडचा मे तुम्हाला काय सांगायचा, बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस असताना काचा बंद गाडीत डॅशबोर्ड सत्तरच्या आसपास जातो, स्टेअरिंगला हात लावता येत नाही. लिथियम सेल बनवणारे लोक साठ डिग्रीच्या वर तो वापरूच नका म्हणतात, आणि फुल चार्ज करून गरमीत ठेवला तर तो लवकर म्हातारा होतो. जुलैत संभाजीनगरहून परत येताना घाटात रात्री साडेनऊला टायर बसलं, बारीक पाऊस, बॅटरी काढली तर दीड मिनिट लागली आणि गेली. बायकोच्या मोबाईलला नऊ टक्के, माझा तर मॅप लावून आधीच मेलेला, ती एका हातात छत्री आणि एका हातात मोबाईल धरून उभी, अंगावरून गाड्या चाललेल्या, आणि मी चिखलात बोल्ट चाचपडतोय. मोबाईलचा टॉर्च पुरतो म्हणणाऱ्यांनी एकदा असं टायर बदलून बघावं.

तेव्हापासून गाडीत पेन्सिल सेलवालीच, आणि हातातली पण नाही, डोक्याला पट्टा लावायची. दोन्ही हात मोकळे राहतात, मान जिकडे तिकडे उजेड. साठ-सत्तर ल्युमेन टायर बदलायला भरपूर झाले, उलट जास्त उजेड असला की चकचकीत रिमवरून परत आपल्याच डोळ्यात येतो. सेल बॅटरीत भरून ठेवायचे नाहीत, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि डॅशबोर्डवर नाही तर मागे स्टेपनीजवळ, तिथे ऊन थेट लागत नाही. मृग लागला की गाडीतले सेल टीव्हीच्या रिमोटला आणि नवे गाडीत, हा माझा नियम आहे, दरवर्षी पाळतो असं नाही.

सेल बाहेर का ठेवायचे तर ते गळतात म्हणून. आमच्या आजोबांकडे पितळेची तीन मोठ्या सेलची बॅटरी होती, सेल उतरले की ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे पापडासारखे, आणि खरंच त्यांना थोडी तरतरी यायची, दोन रात्री निघायच्या. त्या साध्या सेलचं जस्ताचं भांडं हाच त्याचा एक ध्रुव असतो, वीज देता देता तेच झिजतं, मग भोक पडून आतलं पाणी बाहेर. आजोबांची पितळेची अशीच आतून खाल्ली गेली, सेल शेवटपर्यंत निघालेच नाहीत. अल्कलाईन सेल जास्त टिकतात पण विसरले की तेही पांढरी पावडर सोडतात, ती क्षार असते, कापसाच्या काडीने लिंबाचा रस लावून पुसायची, मग कोरडी करायची, हात धुवायचे. आणि उन्हात वाळवायचा प्रयोग लिथियमच्या सेलवर चुकूनही करू नका, घरात कुणी आजोबा-आजी असतील तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

घरी मात्र चार्जिंगवाली ठेवायला माझी काही हरकत नाही. खिळ्याला लटकवलेली, मागून दोन पिना निघतात ती, सगळ्यांकडे असते. त्यात बहुतेक वेळा शिशाची बॅटरी असते आणि ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की कायमची बसते. म्हणून वापरली नाही तरी महिन्यातून एकदा चार्जिंग, रात्रभर लावून ठेवायची नाही कारण स्वस्तातलीला चार्जिंग आपोआप बंद व्हायची सोय नसते, आणि प्लगमध्ये असताना खोलायची तर अजिबातच नाही, आत थेट घरातल्या लाईनचा करंट फिरत असतो. नव्या टाईप-सी वाल्या घेतल्यात आणि मोबाईलच्या नव्या चार्जरवर चार्ज होत नाहीत अशी तक्रार अजून दोघांनी केलीय, त्यांनी जुन्या चार्जरची, एका बाजूला चपटी यूएसबी असलेली केबल लावून बघावी, नव्वद टक्के वेळा चालते. नव्या चार्जरसाठी बॅटरीच्या आत एक बारीकसा भाग लागतो तो पैसे वाचवायला टाकलेला नसतो.

साक्रीच्या बाजारात तुम्ही म्हणता ती पेन्सिल सेलवाली मिळत नाही, फक्त झूमवालीच मिळते, हे खरं असणार, अमळनेरलाही तीन दुकानं फिरावी लागली. हार्डवेअरवाल्याकडे विचारा, मोबाईल अ‍ॅक्सेसरीजवाल्याकडे नका विचारू. आणि दुकानात घेताना नुसती चालू-बंद करू नका, तीन-चार मिनिटं चालू ठेवून गप्पा मारा दुकानदाराशी, तोंडाकडचं धातूचं अंग कोमट झालं तर चांगलं, म्हणजे एलईडीची गरमी बाहेर येतेय, उजेड झाला भरपूर आणि अंग थंडगार तर गरमी आत कोंडतेय आणि एलईडी लवकर जाणार.

तुमच्या बॅटरीतला तो सेल काढा आणि साक्रीत कुणाही सोनाराकडे काट्यावर ठेवा, चहा माझ्या नावावर पाजा त्याला. जे वजन येईल ते इथेच कमेंटमध्ये टाका. चाळीसच्या खाली आलं तर ती बॅटरी वापरा खुशाल, पण चार्जिंगला लावून झोपू नका, आणि चार्जिंगला लावाल ती कांद्याच्या चाळीत तर मुळीच नको.