अर्धं तिकीट सरकारच्या खिशात? आधी पावती उलगडा

सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज हमखास फिरतो: ‘विमानाच्या तिकिटातले निम्मे पैसे सरकार कर म्हणून खातं.’ सोबत तिकिटाचा फोटो आणि ‘टॅक्सेस अँड फीज’वर लाल गोल.

घोळ त्या गोलातच आहे. तिथली प्रत्येक रक्कम कर नसते. इकॉनॉमीच्या भाड्यावर जीएसटी 5 टक्के, म्हणजे 4,000 रुपयांवर 200. यूडीएफ हे विमानतळ वापरण्याचं शुल्क. ते विमानतळ चालवणाऱ्याला मिळतं आणि मुंबईत तो खासगी आहे. सुरक्षा शुल्क विमानतळांच्या बंदोबस्तासाठी असतं. (या शुल्कांवर पुन्हा 18 टक्के जीएसटी लागतो, हे मात्र खरं.) कन्व्हिनियन्स फी तर तिकीट विकणाराच लावतो.

‘बिझनेस क्लासवाल्या साहेबांना सूट’ हेही त्यात असतं. त्यांना सप्टेंबर 2025पासून 18 टक्के लागतात. झालं.

गंमत म्हणजे जिथे बोंब मारायला जागा आहे, तो कर मेसेजात नाहीच. विमानाचं इंधन जीएसटीबाहेर आहे. त्यावर केंद्राचं 11 टक्के उत्पादन शुल्क आणि वर राज्याचा व्हॅट. मुंबई, पुणे, रायगडात हा व्हॅट 25 टक्के होता. 2023च्या अर्थसंकल्पात तो 18वर आणला. हा कर पावतीवर दिसत नाही, भाड्यात मुरलेला असतो आणि कंपनीला तो आपल्या जीएसटीतून वजाही करता येत नाही. डिसेंबर 2024मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत इंधन जीएसटीत आणायला राज्यांनी नकार दिला. हातचं उत्पन्न कोण सोडणार? तरीही हिशेब निम्म्यावर जात नाही. कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण 30 ते 40 टक्के आणि कर हा त्यातला एक तुकडा.

शिवाय दिवाळीत नागपूरचं तिकीट दुप्पट-तिप्पट होतं, तेव्हा जीएसटी 5 टक्केच असतो. भाडं कंपनी ठरवते.

‘तिकीट रद्द केलं की करही बुडाला’ हे तर नुकसान करणारं वाक्य. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नियमानुसार तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं, तरी सरकारी कर आणि यूडीएफ परत द्यावं लागतं, मूळ भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी. एजंट सांगेलच असं नाही. मागून घ्या.