सायलेन्सरची रबरं काढून वेल्डिंग मारा म्हणे!

गुरुवारी रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. "अरे, त्या मेसेजमधे सांगितलं तसं करून घेतलं, तर आता स्टेअरिंगपण हलायला लागलंय." मामा मोशीला राहतात, नारायणगाव-मंचरची भाजी मार्केट यार्डात आणतात. साठी उलटली तरी ट्रक स्वतःच चालवतात. जुना सायलेन्सर गंजून फुटला म्हणून त्यांनी बाजारातला बसवून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून कॅबिन थरथरायला लागली. भाचा पंधरा वर्षं भोसरीत गाड्यांखाली झोपून काम करतोय, पण मामांनी विश्वास ठेवला ग्रुपवरच्या मेसेजवर.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. "नवीन सायलेन्सर बसवल्यावर गाडी थरथरते? गॅरेजवाल्याने लुटायच्या आत वाचा", आणि खाली पाच उपाय. एक, काही करू नका, हजार किलोमीटरमधे सायलेन्सर आपोआप बसतो. दोन, थरथर रबरांमुळे होते, रबरं काढून पट्टीने सायलेन्सर थेट चासीला वेल्ड करा. तीन, जाळीचा पाईप काढून सरळ पाईप टाका. चार, तरी थांबली नाही तर इंजिन माउंटिंग गेलंय, नवीन टाका. पाच, बॅकप्रेशर (धुराला होणारा अडथळा) काढायला आतला काजळी अडवणारा फिल्टर पोकळ करा, ॲव्हरेजही वाढेल.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण मामांच्या गाडीची वाट त्यानेच लावली.

इंजिन चासीला घट्ट जखडलेलं नसतं, ते रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. स्टार्टर मारताना, क्लच सोडताना बॉनेट उघडून किंवा कॅबिन उचलून बघा, अख्खं इंजिन एका कुशीला झुकतं आणि परत येतं. सायलेन्सरचं पुढचं टोक या हलणाऱ्या इंजिनला बोल्टने धरलेलं आणि मागचा सगळा भाग न हलणाऱ्या चासीला टांगलेला. ही हालचाल कुठेतरी जिरली पाहिजे, म्हणून तर कंपनी टांगायला रबरं देते आणि मधे वाकू शकणारा जाळीचा पाईप देते. चार सिलेंडरचं इंजिन 1800 आरपीएमला सेकंदाला 60 ठोके देतं. रबर काढलंत की ते साठच्या साठ ठोके पट्टीतून चासीत, चासीतून कॅबिनमधे आणि तिथून स्टेअरिंगवर येतात. मामांना हातात लागत होतं ते हेच.

आता दुसरी गोष्ट, उष्णतेची. लोखंडाचा एक मीटरचा तुकडा एक अंश तापला की सुमारे 12 मायक्रॉन लांबतो. हा आकडा डिप्लोमाच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. तीन मीटरचा पाईप 250 अंशांनी तापला तर तो 9 मिलीमीटर लांबणार. स्टेनलेस असेल तर त्याहून जास्त, तेरापर्यंत. नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावरून जाताना ठरावीक अंतराने चाकाखाली धडधड लागते ना, ते सांधे पुलाला लांबायला-आखडायला जागा मिळावी म्हणूनच ठेवलेले असतात. पाईपला मात्र तुम्ही दोन्ही टोकांना जखडून टाकलंत. रोज तापणार, रोज ढकलणार, रोज निवणार. मग सगळ्यात कमजोर जागा तुटते, आणि ती बहुतेक वेळा पुढे मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनचा धूर जिथून पाईपात येतो त्या भागाच्या, जॉईंटवर असते.

शुक्रवारी सकाळी मी गाडीखाली गेलो तेव्हा हेच दिसलं. मॅनिफोल्डच्या फ्लँजचा (जोडाच्या कडेचा) एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, तुटलेला, पॅकिंगच्या कडेने धूर बाहेर येऊन काजळीचा काळा पंखा उमटलेला. मागची वेल्ड केलेली पट्टी टाक्याच्या कडेने अर्धी चिरलेली, अवघ्या सहा दिवसांत. ती पट्टी चासीच्या खालच्या कडेवर मारली होती. ट्रकच्या चासीला असा कुठेही टाका मारायचा नसतो. पत्रा तिथे तापून कमजोर होतो आणि पुढे लोड घेतल्यावर तिथूनच तडा जातो. शिवाय वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढली नव्हती असं मामाच म्हणाले. जुनी गाडी म्हणून निभावलं, नवीन गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, जळू शकला असता. कॅबिनच्या बरोबर खाली धूर गळतोय आणि मामा रात्री काचा लावून चार तास चालवतात. मेसेज लिहिणाऱ्याने याचा एकदा तरी विचार केला का?

तिसरा मुद्दा वेगळा खोडायची गरज नाही. जाळीचा पाईप काढणं म्हणजे रबर काढण्याचाच दुसरा प्रकार.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. नवीन क्लॅम्प आणि पॅकिंग तापून थोडे बसतात, म्हणून शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे असतात. पण याचा अर्थ थरथर आपोआप जाते असा नाही. पाईप कुठे टेकत असेल तर तो हजार किलोमीटरनंतरही टेकतच राहणार, फक्त तोवर भोक पडेल. रबरांचंही तसंच: कडक झालेलं, चिरलेलं रबर थरथर वाढवतं हे खरं. मग ते बदला, स्वस्तात मिळतं. माउंटिंगही कधीकधी खरंच गेलेलं असतं, पण काल गाडी ठीक होती आणि आज सायलेन्सर बदलल्यावर थरथरते, तर आधी सायलेन्सर बघायचा. मामांना कोणीतरी माउंटिंगचा खर्चही सांगून ठेवला होता.

पाचव्याबद्दल मामांच्या गाडीत प्रश्नच नव्हता, तिला फिल्टरच नाही. पण त्या ग्रुपवर बीएस-6 गाड्यावाले कितीतरी आहेत, त्यांच्यासाठी लिहितो. फिल्टर पोकळ केला की त्याच्या पुढचा-मागचा दाब मोजणारा सेन्सर ते लगेच पकडतो, चेक लाईट लागते आणि गाडी ताकद कमी करते. थरथर तर जागच्या जागी राहते. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ मधे परवानगी नसलेल्या बदलाला, प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही लिहिलंय. मेसेज पाठवणारा तो दंड भरायला येणार नाही.

मग करायचं काय? गाडी सपाटीवर लावा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमधे हळूहळू रेस वाढवा. उभ्या गाडीत थरथर आली तर इंजिन किंवा सायलेन्सरकडे बघा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि पन्नास-साठच्या स्पीडलाच येते, तर सायलेन्सरला दोष देऊ नका. चाकं, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आणि त्याचं सेंटर बेअरिंग बघा. सायलेन्सर बसवताना शाफ्ट खोलला असेल तर त्यावरच्या खुणा समोरासमोर जुळल्यात का, हे आधी तपासा. उभ्या गाडीतच थरथरत असेल तर इंजिन बंद करून पाईप थंड होऊ द्या आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्या (लोखंडी टेकू) लावून खाली जा. घासून चकचकीत झालेली जागा शोधा. पाईप आणि क्रॉस मेंबर (चासीची आडवी पट्टी), पाईप आणि स्टेपनी, पाईप आणि ब्रेकची लाईन, सगळीकडे बोट आरामात फिरलं पाहिजे.

मामांच्या गाडीत दुसऱ्या क्रॉस मेंबरखाली नखाएवढी चकचकीत रेघ होती. नवीन पाईपचा वाक अर्धा इंच वर आलेला, म्हणजे गरम झाला की तो टेकत होता. मूळ दुखणं एवढंच. पट्ट्या कापल्या, नवीन रबरं टाकली, नवा स्टड आणि पॅकिंग बसवलं. मग सगळे क्लॅम्प सैल करून पाईप फिरवला, इंजिन चालवून तापू दिलं, बंद केलं आणि पुढून मागे एकेक जॉईंट आवळत गेलो. तुटलेला स्टड काढायलाच दीड तास गेला. बाकीचं काम चाळीस मिनिटांचं होतं, आणि पहिल्याच दिवशी ते केलं असतं तर स्टडही तुटला नसता.

चासीवरचे टाके मात्र अजून तसेच आहेत. रविवारी मामा गाडी रिकामी घेऊन येणार आहेत, तेव्हा ते घासून तडा गेलाय का ते बघायचंय. तोवर लोड घ्यायचा नाही असं सांगितलंय, म्हणजे भाजीच्या दोन फेऱ्या बुडणार.