बार्नस्टॉर्मर्स नेमके कुणाचे? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

आयोवा बार्नस्टॉर्मर्स या अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या, छपराखाली अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या संघावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मनापासून वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणं अन्यायाचं झालं असतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. या संघाला अखंड इतिहास आहे हेच तुम्हाला मान्य नाही. 1995 चा संघ 2001 मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि पुढे बंद पडला. आज डे मॉइन शहरात त्या नावाने खेळतो तो निराळ्या लीगमधला निराळा संघ आहे, आणि मी निरनिराळ्या कंपन्यांची वर्षं एका दोऱ्यात ओवली, असा तुमचा आक्षेप. शिवाय इथे खेळून पुढे सर्वोच्च लीगमध्ये गाजलेला कर्ट वॉर्नर नसता तर या दुय्यम संघाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, आणि छपराखालचं, जाळ्या लावलेलं फुटबॉल हा मुळात खेळ नसून तमाशा आहे, असंही तुम्ही लिहिलंत.

पहिला आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, तेव्हा त्यावरच जास्त बोलते.

कागदोपत्री तुमचं बरोबर आहे. अरीना फुटबॉल लीगमधली, म्हणजे एएफएलमधली बार्नस्टॉर्मर्सची जागा 2000 च्या मोसमानंतर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला गेली आणि संघाचं नाव न्यूयॉर्क ड्रॅगन्स झालं. प्रशिक्षक जॉन ग्रेगरीही सोबत गेले. पण नाव गेलं नाही. त्याच 2001 साली एएफटू या एएफएलच्या धाकट्या लीगमध्ये डे मॉइनमधूनच बार्नस्टॉर्मर्स नावाचा संघ खेळला. म्हणजे एकाच उन्हाळ्यात लीगशी असलेला जुना करार एका शहरात होता आणि जुनं नाव दुसऱ्या शहरात. तुम्ही कराराच्या मागे गेलात, मी नावाच्या मागे गेले. आता यातला संघ कोणता?

मला विचाराल तर संघ तिथे, जिथे त्याचे लोक आहेत. एएफटूचा तो संघ एका मोसमानंतर थांबला आणि 2002 ते 2007 डे मॉइनमध्ये या नावाने कुणीच खेळलं नाही. ही सहा वर्षांची खाच मी लेखात झाकलेली नाही. प्रश्न असा की 2008 मध्ये एएफटूमध्ये पुन्हा संघ उभा करताना नवं नाव, नवे रंग, नवं चिन्ह का नाही घेतलं? कोरी पाटी घेणं सोपं होतं. त्यांनी जुनंच नाव घेतलं, जुन्या काळातल्या कसरती करणाऱ्या वैमानिकाचं, कारण गावाच्या आठवणीत तेच होतं. डिसेंबर 2008 मध्ये एएफएलने पुढचा मोसमच रद्द केला, 2009 मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि तिच्यासोबत एएफटूही संपली. 2010 मध्ये एएफएल नव्याने उभी राहिली तेव्हा बार्नस्टॉर्मर्स तिच्यात होते, आणि त्यांचे प्रशिक्षक कोण होते? पुन्हा जॉन ग्रेगरी.

ग्रेगरींबद्दल लेखात कमी लिहिलं गेलं, ते इथे लिहिते. या माणसाने कॅनडाच्या सॅस्कॅचवान रफरायडर्सना 1989 चा ग्रे कप, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगचं अजिंक्यपद, जिंकून दिला होता. कॅनडातलं मैदान अमेरिकेतल्या मैदानापेक्षा मोठं. तिथून हा प्रशिक्षक 1995 मध्ये अशा खेळात आला, जिथे मैदान 50 यार्ड लांब, 85 फूट रुंद, कडेला गादी लावलेल्या भिंती आणि संघात अकराऐवजी आठ खेळाडू. त्यांनी पहिल्या सहाही मोसमांत डे मॉइनमध्ये प्रशिक्षण दिलं, ते संघासोबत न्यूयॉर्कला गेले, आणि सत्तरी ओलांडल्यावर 2010 मध्ये त्याच गावात त्याच नावाच्या संघाच्या कडेला पुन्हा उभे राहिले. कंपनी कायद्याच्या दृष्टीने हा दुसरा संघ असेल. स्टँडमध्ये बसलेल्या माणसाच्या दृष्टीने तो दुसरा कसा असेल?

2014 च्या मोसमानंतर संघाने एएफएल सोडली आणि तो इंडोअर फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आयएफएलमध्ये गेला. तुम्ही याला ‘घसरण’ म्हटलंत. मी याला शहाणपण म्हणते. त्या काळातली एएफएल लॉस एंजेलिसपासून फिलाडेल्फियापर्यंत पसरलेली होती. आयएफएलमध्ये सीडर रॅपिड्स होतं, साउथ डकोटातलं सू फॉल्स होतं, विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे होतं. बसने जाता येईल अशा अंतरावरचे प्रतिस्पर्धी, ज्यांची गावं एकमेकांना ओळखतात. मधल्या आकाराच्या गावातल्या संघाचा जीव प्रवासखर्चाने जातो, मैदानातल्या पराभवाने क्वचितच. एएफएल 2019 मध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली. 2024 मध्ये नव्या लोकांनी तेच नाव घेऊन लीग सुरू केली आणि काही आठवड्यांतच तिचे संघ गळायला लागले. बार्नस्टॉर्मर्स मात्र आयएफएलमध्ये खेळत राहिले आणि 2018 मध्ये सू फॉल्स स्टॉर्मला हरवून त्यांनी युनायटेड बोल जिंकला, तोही डे मॉइनमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर. संघाचं हे पहिलं अजिंक्यपद. ज्याला तुम्ही घसरण म्हणता, तिथेच त्यांना हे यश मिळालं.

आता वॉर्नर. त्याची गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते: 1994 मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्सने सरावातूनच घरी पाठवलेला मुलगा, सीडर फॉल्सच्या हायव्ही दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर रात्री फडताळं भरतो, आणि 2000 च्या जानेवारीत सेंट लुइस रॅम्सला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून देतो. या गोष्टीत बार्नस्टॉर्मर्स म्हणजे मधलं एक स्टेशन, गाडी जिथे जेमतेम थांबते. तुमची प्रतिक्रियाही तीच चाल धरते. पण वॉर्नर तिथे तीन मोसम खेळला, 1995 ते 1997. 1996 आणि 1997 ही दोन्ही वर्षं तो लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला आणि दोन्ही वर्षी बार्नस्टॉर्मर्स अंतिम सामन्यात पोचले. 1996 ची अंतिम लढत डे मॉइनच्या व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियममध्ये झाली आणि टँपा बे स्टॉर्मने ती 42–38 अशी जिंकली. पुढच्या वर्षी फिनिक्समध्ये अ‍ॅरिझोना रॅटलर्सकडून 55–33 अशी हार पत्करावी लागली.

छोट्या मैदानाने त्याला काय दिलं, हे तो स्वतःच अनेकदा सांगत आला आहे. अंतर कमी, बचावपटू अंगावर लगेच येतात, चेंडू हातात धरून विचार करायला उसंत नाही. बघायचं आणि फेकायचं. रॅम्सकडून खेळताना चेंडू त्याच्या हातून ज्या झपाट्याने सुटायचा, तो सराव आयोवातला आहे. 2011 मध्ये अरीना फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आणि 2017 मध्ये प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. म्हणून मी उलट म्हणेन, ‘वॉर्नर नसता तर हा संघ कुणाला कळला नसता’ यापेक्षा ‘हा संघ नसता तर वॉर्नर कुणाला कळला नसता’ हे सत्याच्या जास्त जवळ आहे. त्या वेळी त्याला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, म्हणून दर आठवड्याला मैदानात उतरवणारं दुसरं कोण होतं?

त्याच्याबरोबर खेळलेल्या बाकीच्यांचा विचारही करायला हवा. त्या काळात एएफएलमध्ये बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव दोन्ही करावं लागे. क्वार्टरबॅक, किकर आणि मोजके विशेष खेळाडू तेवढे वगळलेले. आता ज्याने गडी अडवले, त्यालाच पुढच्या खेपेला गडी पाडायला उतरायचं. हा नियम 2007 पर्यंत टिकला. ही माणसं पुढे कुठल्याही सुपर बोलमध्ये दिसली नाहीत. म्हणून त्यांचे मोसम मोजायचे नाहीत का?

तमाशाच्या मुद्द्यावर येते. जाळ्यांची कल्पना जिम फॉस्टर यांची. 11 फेब्रुवारी 1981 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ते छपराखालच्या सॉकरचा ऑल-स्टार सामना पाहत होते आणि तिथेच एका खाकी लिफाफ्यावर त्यांनी छपराखालच्या अमेरिकन फुटबॉलचा आराखडा काढला. चाचणीचा सामना 1986 मध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्डला झाला, पहिला मोसम 1987 मध्ये चार संघांचा झाला. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या जाळ्या चेंडू प्रेक्षकांत जाऊ देत नाहीत, आणि जाळीला लागून परत आलेला चेंडू जिवंत, म्हणजे खेळात असलेला, मानला जातो. या पद्धतीचं पेटंट 1990 मध्ये मिळालं, त्यामुळे इतर छपराखालच्या लीगना जाळ्यांशिवायच आपले नियम बांधावे लागले. आयएफएलमध्ये आजही त्या नाहीत. म्हणजे ज्या जाळ्यांवरून तुम्ही या संघाला हिणवता, त्या तिथे 2015 पासून नाहीतच. हेच फॉस्टर 1995 मध्ये बार्नस्टॉर्मर्सचे मालक झाले. ज्याने खेळ शोधला त्याने स्वतःच्या राज्यात स्वतःचा संघ काढला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आणि डे मॉइनने हा खेळ लगेच का स्वीकारला, याचं उत्तर त्याच ऑडिटोरियममध्ये आहे. आयोवात शाळकरी मुलींचं बास्केटबॉल अनेक दशकं सहा जणींच्या नियमाने खेळलं गेलं: तीन आक्रमक, तीन रक्षक, मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही, आणि चेंडू फक्त दोनदा टप्पा पाडून पुढे द्यायचा. राज्य स्पर्धेला याच व्हेटरन्स ऑडिटोरियममध्ये तुडुंब गर्दी व्हायची. बाहेरच्यांना तो खेळ विचित्र वाटे, आयोवाच्या घराघरांत त्या मुलींची नावं पाठ असत. 1993 मध्ये तो प्रकार बंद झाला, 1995 मध्ये त्याच छपराखाली बार्नस्टॉर्मर्स आले. वेगळ्या नियमांचा खेळ म्हणजे खोटा खेळ, असं त्या प्रेक्षकांना कधीच वाटलं नव्हतं. आपल्याकडे कबड्डी मातीवरून मॅटवर गेली तेव्हा ती कबड्डी राहिली नाही असं म्हणणारे होते. खेळणाऱ्यांनी ते कानावर घेतलं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की मराठी वाचकाचा या सगळ्याशी काय संबंध. खेळाबद्दल कुतूहल असणाऱ्या माणसाला एवढं कारण पुरेसं आहे असं मी मानते, पण एक धागा खरोखर आहे. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या भारतातल्या अमेरिकन फुटबॉल लीगच्या गुंतवणूकदारांत कर्ट वॉर्नर होता. तिचा पहिला मोसम 2012 मध्ये झाला आणि तो जिंकला पुणे मराठाज या संघाने. नाव पुण्याचं, करार पक्का, पाठीशी नावाजलेले अमेरिकन खेळाडू, अजिंक्यपदही खिशात. पण सामने झाले कोलंबोत. पुण्यात कुणाला विचारून पाहा त्या विजेत्या संघातल्या एका तरी खेळाडूचं नाव. तुमच्या कसोटीने हा संघ निर्दोष आहे, कागदात कुठेही खाच नाही. डे मॉइनमध्ये मात्र मालक बदलले, लीग बदलल्या, मधली सहा वर्षं कोरी गेली, तरी लोक तेच नाव धरून तिकीट काढतात. म्हणून लेखात मी 1995 पासूनचा सगळा काळ एकाच संघाचा मानला, आणि तो तसाच राहील.

कळावे.